विश्लेषण : थकलेला पगार आणि एक गोष्ट… खुलताबादेत चिरविश्रांती घेणारे अमीर हसन सिज्झी कोण होते?

खुलताबाद म्हटले की औरंगजेब, मलिक अंबर, पहिला निजाम यांच्या कबरी आणि भद्रा मारुतीचे मंदिर आठवते. याच गावात एका फारसी कवीचीही कबर आहे. अमीर हसन सिज्झी हे त्यांचे नाव. माणसाचे मन वळवायला गोष्टीचा उपयोग कसा होतो, याचा भारतातील एक उत्तम लेखी पुरावा त्यांनी मागे ठेवला आहे.

अमीर हसन कोण होते?

तेराव्या शतकाच्या मध्यात जन्मलेले हसन आणि अमीर खुस्रो हे समकालीन आणि मित्र. दोघेही सुलतान बल्बनचा मुलगा शाहजादा मुहम्मद याच्या मुलतान येथील दरबारात होते. हा शाहजादा १२८५ मध्ये मंगोलांशी लढताना मारला गेला. पुढे हसन दिल्लीच्या सुलतानांच्या चाकरीत राहिले. त्यांच्या गझलांमुळे त्यांना हिंदुस्तानचा सादी म्हटले जाई. पन्नाशी उलटल्यावर ते दिल्लीजवळच्या गियासपूर येथे हजरत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य झाले.

त्यांनी नेमके काय लिहिले?

जानेवारी १३०८ पासून हसन गुरूंच्या बैठकीत ऐकलेले तारीखवार टिपू लागले. हे काम १३२२ पर्यंत चालले. त्यातून १८८ बैठकींचा, पाच भागांचा ‘फवाइद-उल-फुवाद’ हा फारसी ग्रंथ तयार झाला. नावाचा अर्थ साधारणपणे हृदयाला हितकारक गोष्टी असा. सूफी गुरूंच्या संभाषणाच्या अशा नोंदींना मलफूजात म्हणतात. सुरुवातीला हसन हे गुपचूप लिहीत होते. वर्षभराहून अधिक काळ गेल्यावर त्यांनी गुरूंना ते सांगितले. निजामुद्दीन यांनी कागद मागवून वाचले आणि जिथे ऐकण्यातून काही सुटल्याने जागा कोरी राहिली होती, तिथला मजकूर पुरा करून दिला. आपणही तरुणपणी आपले गुरू बाबा फरीद यांचे बोलणे असेच टिपले होते, असे त्यांनी सांगितले.

गोष्टीने मन कसे वळवले जाई?

याचे बोलके उदाहरण हसन यांच्याच आयुष्यातले आहे. एकदा त्यांचा पगार थकला आणि ते चिंतेत होते. गुरूंनी त्यांना धीर धरण्याचा उपदेश केला नाही. एका श्रीमंत ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. शहराच्या अधिकाऱ्याने त्याची सगळी संपत्ती जप्त केली. वाटेत मित्राने विचारपूस केली, तर तो म्हणाला की आपले उत्तम चालले आहे. सर्वस्व गेले असताना हे कसे, असे मित्राने विचारताच, आपले जानवे तर आपल्याजवळच आहे, असे त्याने सांगितले. गोष्ट आपल्यासाठीच होती, हे हसन यांच्या लगेच ध्यानात आले आणि मन हलके झाले.

येथे दोन गोष्टी लक्षात येतात. मुसलमान शिष्याला निष्ठा समजावण्यासाठी गुरूंनी आदर्श म्हणून निवडला तो जानवे जपणारा ब्राह्मण. दुसरे म्हणजे, गोष्टीत शिष्याचे नाव कुठेच नव्हते. त्यामुळे त्याला कमीपणा आला नाही; बोध त्याने स्वतःच काढला. थेट सल्ला दिला की माणूस वाद घालतो. गोष्टीत तो आधी दुसऱ्याच्या जागी उभा राहतो आणि मग स्वतःकडे पाहतो.

नोंदींवर विश्वास का ठेवला जातो?

गोष्ट जितकी परिणामकारक, तितका तिच्या गैरवापराचा धोका मोठा. चिश्ती गुरूंच्या नावावर पुढे अनेक बनावट संग्रह फिरू लागले. एकाने निजामुद्दीन यांचा म्हणून एक ग्रंथ पाहिल्याचे सांगितले, तेव्हा आपण कोणताही ग्रंथ लिहिलेला नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. हा प्रसंगही हसन यांनी नोंदवला आहे. विसाव्या शतकात इतिहासकार मोहम्मद हबीब यांनी अशा बनावट संग्रहांची छाननी केली. हसन यांचा ग्रंथ मात्र तारखा, प्रत्यक्ष उपस्थिती आणि गुरूंची नजर यामुळे विश्वसनीय मानला जातो.

दिल्लीचा कवी खुलताबादला कसा आला?

निजामुद्दीन १३२५ मध्ये निवर्तले. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने दौलताबादला राजधानी केली आणि दिल्लीतील अनेक विद्वान, सूफी व अधिकारी दख्खनला आले. वृद्ध हसन त्यांच्यापैकी एक. निजामुद्दीन यांचे दुसरे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब हेही इथेच राहिले. हसन यांचा ग्रंथ डोळ्यांसमोर ठेवून काशानी बंधूंनी बुऱ्हानुद्दीन यांची संभाषणे लिहून काढली. १३३७ मध्ये बुऱ्हानुद्दीन वारले. त्याच सुमारास हसन यांचेही निधन झाले. दोघांच्या कबरी खुलताबादेतच आहेत.

मराठीशी याचे नाते काय?

थेट संबंधाचा पुरावा नसला, तरी साम्य ठळक आहे. हसन यांनी लेखणी उचलण्याच्या सुमारे ३० वर्षे आधी म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरांनी सांगितलेले ११४ दृष्टान्त केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. गुरू गोष्ट सांगणार आणि शिष्य ती जिवापाड जपणार, ही रीत गोदाकाठालाही ठाऊक होती. कीर्तनातल्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, तेही पूर्वरंगातले तत्त्व श्रोत्यांच्या गळी उतरावे म्हणूनच.

अमीर खुस्रोंनी आपले सारे ग्रंथ देऊन त्या बदल्यात हा एक ग्रंथ आपल्या नावावर व्हावा अशी इच्छा बोलून दाखवल्याचे चिश्ती परंपरेत सांगतात. हसन यांच्या गझला आज मोजके अभ्यासक वाचतात. मात्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या आणि प्रामाणिकपणे उतरवलेल्या गोष्टींमुळे त्यांचे नाव ७०० वर्षांनंतरही टिकून आहे.