मधुबाला कशाने गेली?

स्मरणिकेसाठी एखाद्या दिवंगत व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी जराशी घुटमळले. अहिल्याबाई, पंडिता रमाबाई, डॉ. आनंदीबाई यांच्यावर आपल्या भगिनींनी आजवर पुष्कळ लिहिले आहे आणि माझ्याहून चांगले लिहिले आहे. मी निवडलेले नाव पाहून काहीजणी नाक मुरडतील. सिनेमातल्या बाईचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशाला, असेही म्हणतील. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.

मधुबालेचे नाव माझ्या पिढीतल्या बायकांना सांगायला नको. ती कशाने गेली, असे कुणालाही विचारा. दहातल्या आठजणी सांगतील की ती दिलीपकुमारांसाठी झुरून गेली. कुणी म्हणेल, 'मुगल-ए-आझम'मधल्या जड बेड्यांनी तिचे काळीज फाटले. कुणी सांगेल, एका फकिराने लहानपणीच तिचे भविष्य सांगून ठेवले होते : कीर्ती मिळेल, पण आयुष्य थोडे. आमच्या गिरगावच्या चाळीत तर नळावर पाणी भरतानासुद्धा या गोष्टी चालत. मीही त्या चवीने ऐकल्या आणि चवीने सांगितल्या. एकदा तर जिथे सांगू नये तिथे सांगितली. ते पुढे येईलच.

तिचे खरे नाव मुमताज जहान. जन्म दिल्लीचा, १४ फेब्रुवारी १९३३. घरात मुले पुष्कळ, त्यातली काही लहानपणीच गेलेली. वडील अताउल्ला खान यांची तंबाखूच्या कंपनीतली नोकरी सुटली आणि हे बिऱ्हाड पोटासाठी मुंबईला आले. मुलगी देखणी, चुणचुणीत. १९४२ साली बॉम्बे टॉकीजच्या 'बसंत'मध्ये तिने काम केले, तेव्हा ती अवघी नऊ वर्षांची होती. ज्या वयात आपण सागरगोटे खेळत होतो, त्या वयात हिच्या कमाईवर घरातली चूल पेटत होती. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

१९४७ साली 'नीलकमल'मध्ये ती राज कपूरांची नायिका झाली. वय चौदा. मधुबाला हे नाव देविकाराणींनी सुचवले असे सांगतात. १९४९ मध्ये कमाल अमरोहींचा 'महल' आला आणि पडद्यावर दिव्याच्या उजेडात हिंडणाऱ्या या सोळा वर्षांच्या मुलीने साऱ्या देशाला वेड लावले. त्यातल्या तिच्या गाण्याला आवाज होता आपल्या लताबाईंचा. पण सुरुवातीच्या तबकडीवर गायिकेचे नाव न छापता पात्राचे, म्हणजे 'कामिनी' हेच नाव छापले होते. एक मुलगी पडद्यावर आणि दुसरी पडद्यामागे, दोघींवरही घरच्या संसाराचा भार, आणि दोघींचेही नशीब एकाच चित्रपटाने उघडले.

पुढची काही वर्षे धामधुमीची गेली. १९५१ साली 'तराना'त ती आणि दिलीपकुमार एकत्र आले आणि त्यांचा स्नेह जुळला. तिची कीर्ती अमेरिकेतल्या मासिकांपर्यंत गेली. पण समारंभ, मेजवान्या यांत ती फारशी दिसत नसे. वडिलांची शिस्त कडक होती. घर ते स्टुडिओ आणि स्टुडिओ ते घर, असे तिचे आयुष्य होते.

आता मुख्य गोष्ट. १९५४ साली ती मद्रासला 'बहुत दिन हुए' या जेमिनीच्या चित्रपटाचे काम करीत होती. तिथे सेटवरच तिला रक्ताची उलटी झाली. तपासात निघाले की, तिच्या हृदयाला जन्मतःच छिद्र आहे.

हे छिद्र म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये एक भिंत असते. उजवीकडचे रक्त शुद्ध होण्यासाठी फुप्फुसांत जाते आणि डावीकडचे शुद्ध रक्त अंगभर जाते. त्या भिंतीला मोठे छिद्र असले तर डावीकडचे रक्त जोराने उजवीकडे घुसते आणि फुप्फुसांवर नको तेवढा भार पडतो. वर्षानुवर्षे तो भार सोसून तिथल्या रक्तवाहिन्या जाड आणि ताठर होतात. मग धाप लागते. पुढे तर प्रवाहच उलटतो. अशुद्ध रक्त अंगात मिसळते आणि ओठ, नखे निळसर दिसू लागतात. प्राणवायू कमी पडतो म्हणून शरीर जास्त रक्त तयार करते, रक्त दाट होते, आणि तेही घातकच ठरते.

ज्या १९५४ साली तिला मद्रासला रक्ताची उलटी झाली, त्याच साली अमेरिकेत मिनेसोटा येथे डॉ. लिलेहाय यांनी हृदय उघडून असे छिद्र बुजवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. लहान मुलाचे हृदय उघडलेले असताना त्याचे रक्त वडिलांच्या शरीराला जोडून फिरवत ठेवले होते. विद्या अशी नुकती डोळे उघडत होती. आपल्याकडे ती पोचायला आणखी वर्षे लागायची होती आणि मधुबालेजवळ तेवढी वर्षे नव्हती.

पण ती घरी बसली नाही. १९५५ साली गुरुदत्तांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये तिने सर्वांना हसवले. त्यानंतर 'नया दौर'चे प्रकरण उद्भवले. बी. आर. चोप्रांना भोपाळच्या बाजूला बाहेरचे चित्रीकरण करायचे होते. अताउल्ला खान यांनी मुलीला पाठवण्यास नकार दिला. तिच्या जागी वैजयंतीमाला आली आणि प्रकरण कोर्टात गेले. १९५७ साली दिलीपकुमारांनी कोर्टात चोप्रांच्या बाजूने साक्ष दिली. त्यानंतर ते नाते उरले नाही. वडील हट्टी होते, असे सगळे म्हणतात. असतीलही. पण ज्या मुलीला सेटवर रक्ताची उलटी झाली होती, तिला मुंबईबाहेर धाडताना बापाच्या मनात काय आले असेल, याचा विचार फारसे कुणी करत नाही. कमावती मुलगी म्हणून तिला त्यांनी जखडून ठेवले, हेही खरे असू शकेल आणि ती आजारी आहे म्हणून धास्तावले, हेही. माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात.

१९५८ साली 'चलती का नाम गाडी', 'हावडा ब्रिज', 'काला पानी' आणि 'फागुन' असे चार चित्रपट आले. दुसरीकडे कित्येक वर्षे रखडलेले 'मुगल-ए-आझम'चे काम चालूच होते. दिग्दर्शक के. आसिफ यांनी तिच्या अंगावर खोट्या नव्हे, खऱ्या लोखंडी बेड्या चढवल्या होत्या. समोर नायक होता तो बोलणे तुटलेला. ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात चित्रपट झळकला. अनारकली पाहून बायका पदराने डोळे पुसत बाहेर पडत, असे आमची आई सांगे.

त्याच वर्षी तिने किशोरकुमारांशी लग्न केले आणि दोघे लंडनला गेले. तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करण्यास नकार दिला. फुप्फुसांतला दाब इतका वाढलेला असताना छिद्र बुजवणे हेच प्राणावर बेतले असते. फार तर दोन वर्षे, असे त्यांनी सांगितले. मूल होऊ देऊ नये, दगदग करू नये, अशी पथ्ये सांगितली.

ती दोन नव्हे, जवळजवळ नऊ वर्षे जगली. त्यातला बहुतेक काळ वांद्र्याला, 'अरेबियन व्हिला' या माहेरच्या घरी गेला. किशोरकुमारांनी तिला टाकले असे काही म्हणतात. औषधपाण्याचा खर्च ते करीत आणि मधूनमधून भेटायला येत, असे घरची माणसे सांगत. नवरा कामात आणि बायको अंथरुणावर, हे दुःख काही सिनेमावाल्यांच्याच घरचे नव्हे. अंगातले जादा रक्त वेळोवेळी काढून टाकावे लागे. नाकातोंडातून रक्त येई. प्राणवायूची नळकांडी उशाशी असत. १९६२ साली 'हाफ तिकीट' पाहून आपण पोट धरधरून हसलो, तेव्हा त्यातली नायिका अशी झिजत होती. पुढे अभिनय होईना, तेव्हा १९६९ मध्ये 'फर्ज और इश्क' नावाच्या चित्रपटाचे दिग्दर्शन करण्याचे तिने मनात घेतले. झुरून मरायला टेकलेली बाई नव्या कामाची जुळवाजुळव करीत नाही. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी ती गेली. छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊ दिवस झाले होते.

आता लोकांच्या गोष्टी तारखांवर घासून पाहू. छिद्र जन्माचे, म्हणजे १९३३ चे. रक्ताची उलटी १९५४ ची. प्रेमभंग त्यानंतरचा, कोर्टातली साक्ष १९५७ ची. मग दुःखाने दुखणे आले कसे? मागून घडलेल्या गोष्टीने आधीची गोष्ट कशी घडेल? बेड्यांचेही तेच. त्यांनी अंग सोलवटले असेल, शिणवले असेल, पण काळजाला भोक पाडले नाही. फकिराचे भाकीत खरे ठरले म्हणून लक्षात राहिले. खोटी ठरलेली भाकिते कुणी जपून ठेवत नाही.

एवढे सांगून थांबता आले असते. पण चाळीतली ती गोष्ट सांगायची राहिली.

माझ्याहून सात वर्षांनी मोठी अशी मला एक बहीण होती. आम्ही तिला अक्का म्हणत असू. मंगळागौरीला अक्का फुगडी घालत नसे. भिंतीला टेकून गाणी म्हणे. तीन जिने चढताना तिला दोनदा बसावे लागे. थंडीत तिचे ओठ जांभळट दिसत. १९६४ साली तिचे लग्न ठरत आले. स्थळ चांगले होते. आईने प्रामाणिकपणाने मुलाच्या आईला सांगितले की, मुलीला धाप लागते, औषध चालू आहे. चार दिवसांत नकार आला. १९६६ साली अक्का गेली, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. चाळीत सगळ्यांनी ठरवून टाकले की, पोरीने मनाला लावून घेतले.

तीन वर्षांनी, १९६९ च्या चैत्रात, आमच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. मधुबाला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि बायकांत तोच विषय होता. मी अठरा वर्षांची, मासिके वाचणारी. मोठ्या ऐटीत मी सांगितले की, मन मोडले की बाई जगत नाही; मधुबाला दिलीपकुमारांसाठी झुरूनच मेली. आई ओटीत भिजवलेले हरभरे घालत होती. तिचा हात थांबला. पन्हे कमी पडेल असे काहीतरी पुटपुटून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला तेव्हा काही कळले नाही.

ते कळायला १९९२ साल उजाडले. माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आणि तिच्या छातीत डॉक्टरांना आवाज ऐकू आला. तपासणीत बारीक छिद्र निघाले. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचे चित्र काढून मला आणि भावजयीला समजावून दिले. असली बारीक छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात, असे सांगून धीर दिला. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. निघताना तिने डॉक्टरांना विचारले की, लग्न मोडल्याच्या दुःखाने असे छिद्र पडते का. डॉक्टर चमकले. मग त्यांनी शांतपणे सांगितले की, हे पोटात असतानाच होते, दुःखाने होत नाही. बहुतेक वेळा त्याचे कारणही सापडत नाही आणि त्यात आईचाही दोष नसतो. आईने तो चित्राचा कागद मागून घेतला.

घरी आल्यावर ती मला म्हणाली की, धापेची गोष्ट मी बोलले नसते तर लग्न झाले असते आणि अक्का जगली असती, असे मला सव्वीस वर्षे वाटत आले. आजाराने लग्न मोडले होते. लोकांनी ते उलटे करून, मोडलेल्या लग्नाने आजार झाला असे म्हटले, आणि त्या उलट्या गोष्टीचे ओझे आईने एकटीने वाहिले. त्यात एक धोंडा माझाही होता. आई गेल्यावर तो कागद तिच्या शिवलीलामृताच्या पोथीत सापडला.

माझ्या भाचीचे छिद्र तिसऱ्या वर्षी बुजले. आता ती स्वतः नोकरीत आहे.

मधुबालेचे सांताक्रूझच्या कब्रस्तानातले संगमरवरी थडगे २०१० साली जागेच्या अडचणीमुळे काढून टाकले गेले. त्याआधी २००८ साली टपाल खात्याने तिचे तिकीट काढले होते. थडगे गेले, तिकिटे संपली. चित्रपट आहेत आणि लोकांच्या गोष्टी आहेत. चित्रपट जरूर पाहा.

आणि भगिनींनो, आपल्यापैकी कुणाच्या घरी दूध पिताना घामाघूम होणारे, खेळताना मध्येच उकिडवे बसणारे, रडताना ओठ निळे पडणारे मूल असेल, तर दृष्ट काढण्याबरोबर त्याला डॉक्टरांकडेही न्या. अंगणवाडीत आणि शाळेत सरकारी पथक मुले तपासायला येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. अक्काच्या वेळी यातले काही नव्हते. आज आहे.