उत्साह म्हणजे नक्की काय?



आजचं चिंतन लवासातून. ऑफिसच्या टीमसोबत आलोय. समोर वरसगाव धरणाचं पाणी आहे. सकाळी गीतेचा अठरावा अध्याय वाचत होतो. सात्त्विक कर्त्याचं वर्णन करताना भगवंत धृती आणि उत्साह एकत्र सांगतात, आणि यश-अपयशाने तो हलत नाही असंही म्हणतात. तिथेच अडकलो. माझा उत्साह नव्या प्रोजेक्टच्या तिसऱ्या आठवड्यातच मावळतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

मग इथलाच माणूस आठवला. सेनापती बापट. पुण्यात त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण रोज ट्रॅफिकमध्ये अडकतो, पण माणूस किती जणांना माहीत असतो?

पांडुरंग महादेव बापट, जन्म १८८०, पारनेर. शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला एडिनबर्गला गेले. तिथे इंग्रजी राजवटीविरुद्ध बोलले, शिष्यवृत्ती गेली. पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या शिकून परतले, मग भूमिगत राहणं, अटक. आपल्यासारखाच इंजिनिअर व्हायला निघालेला मुलगा, बघा.

पण मला थांबवतं ते पुढचं. हा क्रांतिकारक पारनेरला परतला आणि हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडू लागला. टाळ्या नाहीत, कोणी बघणारंही नाही. बॉम्ब आणि झाडू, दोन्हीमागचा जोर एकच!

मग मुळशी. या डोंगरापलीकडे टाटांचं धरण होणार होतं, मुंबईला वीज देण्यासाठी. मावळ्यांची पन्नासच्या वर गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. बापट तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. पुण्यातल्या सावकारांना मोबदला हवा होता, लढा आतूनच ढिला पडत गेला. शेवटी १९२४मध्ये बापटांनी रुळांवर दगड टाकून रेल्वे अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली.

रेल्वे अडवण्याचं मला पटत नाही, खरं सांगतो. इथे धृती सुटली आणि नुसता आवेश उरला असं वाटतं. पण ज्याचं घर बुडत नाही, त्याने लवासातल्या बाल्कनीत बसून हे म्हणणं फार सोपं आहे, तेही कळतं.

धरण झालंच. गावं बुडाली. बापट १९३१मध्ये सुटले. हरलेला माणूस घरी बसला असता. हे बसले नाहीत. श्रीअरविंदांचा जाडजूड ग्रंथ मराठीत आणला आणि पंचाहत्तरीत गोवामुक्तीच्या सत्याग्रहातही उतरले. १९६७मध्ये गेले.

उद्या परत जाताना टीमला सांगून मुळशीच्या जलाशयाकडे गाडी वळवणार आहे. ताम्हिणीला जाताना तुम्हीही तिथे सेल्फी काढला असेल. मीही काढलाय, खाली काय आहे हे न विचारता.