रेडिओने घरोघरी नेलेले गदिमा

१९७३ साली यवतमाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद गजानन दिगंबर माडगूळकर यांनी भूषविले, तेव्हा एका जुन्या वादाचा निकाल लागला असे म्हणावयास हरकत नाही. चित्रपटांसाठी मागणीबरहुकूम गीते रचणाऱ्याला कवी म्हणावे की कारागीर? सर्वसामान्य मराठी श्रोत्याने याचे उत्तर त्याआधी अठरा वर्षे रेडिओसमोर बसून देऊन टाकले होते.

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील शेटफळे गावचा. बालपण दारिद्र्यात गेले, मॅट्रिकची परीक्षा हुकली आणि पोटासाठी त्यांनी कोल्हापूरची चित्रसृष्टी गाठली. तेथे किरकोळ भूमिका केल्या, वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणूनही काम केले. १९४७ च्या ‘रामजोशी’ने त्यांचे नाव झाले.

पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. तेथील अधिकारी आणि गदिमांचे स्नेही सीताकांत लाड यांना वर्षभर चालेल अशी संगीतमालिका हवी होती. त्यातून ‘गीतरामायण’ जन्मले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिले गीत प्रसारित झाले. दर आठवड्यास नवे गीत, नवी चाल. त्या वर्षी अधिकमास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस मालिका पूर्ण झाली. पहिले गीत ऐनवेळी गहाळ झाले आणि संतापलेल्या गदिमांना ते पुन्हा लिहावे लागले, ही हकीकत आजही रंगवून सांगितली जाते.

वाल्मीकींच्या चोवीस हजार श्लोकांचा पसारा त्यांनी पात्रांच्या तोंडी छोट्या गीतांत बसविला. सुधीर फडके यांनी रागदारीच्या आधाराने सोप्या वाटणाऱ्या चाली दिल्या. साथीला मोजकी वाद्ये होती. त्यांत प्रभाकर जोगांचे व्हायोलिन. शब्द झाकोळला जाऊ नये, हे भान वादनातही राखले गेले. माणिक वर्मा, लता मंगेशकर आणि विदर्भाचे सुपुत्र वसंतराव देशपांडे यांचेही स्वर या मालिकेला लाभले. प्रसारणाच्या वेळी रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून घरेच्या घरे ऐकत बसत. कविता वाचण्याची सवय नसलेल्या माणसापर्यंत कविता पोहोचविण्याचे काम एवढ्या प्रमाणावर त्या काळी दुसऱ्या कोणत्याही माध्यमाने केले नसेल.

मालिका सुरू झाली तेव्हा यवतमाळ मध्य प्रदेश राज्यात होते. १९७३ साली ते महाराष्ट्रातील संमेलननगरी म्हणून गदिमांचे स्वागत करीत होते. १९६९ मध्ये ‘पद्मश्री’ मिळालेल्या या कवीचे १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात निधन झाले. यवतमाळला पुन्हा साहित्य संमेलन भरले ते जानेवारी २०१९ मध्ये. ते गदिमांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते.