दवाखान्याची जागा आणि मिरजेचे डॉ. वॉनलेस

ग्रामसभेत आरोग्य उपकेंद्राच्या जागेचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. मी काम केलेल्या एका गावात फुकट मिळाली म्हणून ओढ्यापलीकडची गायरानातली जागा धरली. पावसाळ्यात ओढा आला की बाळंतीण अलीकडं आणि नर्सबाई पलीकडं! अशा वेळी डॉ. विल्यम वॉनलेस यांची आठवण येते.

वॉनलेस मूळचे कॅनडाचे, जन्म १८६५ चा. १८८९ साली मिशनचे डॉक्टर म्हणून ते सांगलीस आले व लहानसा दवाखाना काढला. परंतु मोठे रुग्णालय त्यांनी उभारले ते मिरजेत, १८९४ साली. सांगली व मिरज ही तेव्हा दोन वेगळी संस्थाने, अंतर जेमतेम तीन कोस. मग तीन कोसांत असा काय फरक पडतो? तर सांगली गावात त्या काळी रेल्वे नव्हती. मिरजेवरून पुणे-बेळगाव गाडी जाई आणि १८९१ पासून कोल्हापूरचा फाटाही तिथंच फुटला. खेड्यातला पेशंट बैलगाडीत घालून किती लांब आणणार? रेल्वेमुळं लांबलांबचे, अगदी कर्नाटकातले लोकही मोतीबिंदू, मुतखडा अशा शस्त्रक्रियांसाठी मिरजेस येऊ लागले. योगायोग बघा, इमारतीसाठी पैसा देणारे फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स हे रेल्वे इंजिनांच्या बाल्डविन कारखान्याचे भागीदार होते.

१८९७ मध्ये वॉनलेस यांनी वैद्यकीय शाळा सुरू केली. पुढे कुष्ठरुग्णांचीही सोय केली.

क्षयरोग्यांसाठी मात्र त्यांनी नेमकी उलटी जागा निवडली. त्या काळी क्षयावर खात्रीचं औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार हाच इलाज. तेव्हा गावाची गर्दी टाळून सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर आरोग्यधाम झालं. म्हणजे एकच डॉक्टर, पण आजार बदलला की जागेचा हिशोबही बदलला. आपल्याकडं हिशोब बहुतेक वेळा सात-बारा कुणाचा यावरच थांबतो.

१९२८ साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच साली ते निवृत्त झाले. १९३३ मध्ये अमेरिकेत वारले. त्या माळाला लोक वॉनलेसवाडी म्हणू लागले. आता सांगली आणि मिरज वाढत वाढत एकमेकींना भिडल्या आहेत आणि तो माळ भर वस्तीत आला आहे.