बोटीतला एसी जेटीवर येताच ट्रिप होतोय? उत्तर २०० वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी शोधलं होतं

बोट मरिनात जेटीला लागते. किनाऱ्यावरच्या खांबावरून जाड केबल आणून बोटीला वीज जोडतात. याला म्हणतात 'शोअर पॉवर'. दिवे लागतात, पंखे फिरतात. पण एसी सुरू केला की कॉम्प्रेसर घुरघुरतो, दिवे मंद होतात आणि ब्रेकर पडतो.

आपण लगेच एसीला दोष देतो. दोष बऱ्याचदा वाटेतल्या तारेत किंवा प्लगमध्ये असतो. तो का, हे समजून घ्यायचं तर नववी-दहावीच्या विज्ञानात भेटलेल्या जॉर्ज सायमन ओहम यांची गोष्ट माहीत हवी.

कुलूप बनवणाऱ्याचा मुलगा

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन शहरात झाला. वडील कुलुपं बनवायचे. ते स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञान शिकले होते. तेच त्यांनी मुलांना शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई गेली.

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात दाखल झाले. पण अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचं स्केटिंग यातच त्यांचा वेळ जाऊ लागला. वडील संतापले. तीन सत्रांतच शिक्षण थांबलं आणि जॉर्ज स्वित्झर्लंडमध्ये गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे परत येऊन १८११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तरीही पोटापाण्यासाठी शाळेतच शिकवावं लागलं. १८१७ मध्ये ते कोलोनच्या शाळेत आले. तिथे चांगली प्रयोगशाळा होती.

आधी सूत्र चुकलं

तार लांब केली की करंट किती कमी होतो, हा ओहम यांचा प्रश्न होता. १८२५ मध्ये त्यांनी सूत्र छापलं, पण ते चुकीचं निघालं. कारण त्यांनी वापरलेल्या बॅटरीचा दाबच स्थिर नव्हता. म्हणजे घोळ विजेच्या उगमातच होता.

मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञांच्या सल्ल्यानुसार त्यांनी उगम बदलला. दोन वेगळ्या धातूंचे सांधे, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. यातून मिळणारी वीज अगदी थोडी होती, पण स्थिर होती. वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून चुंबकसुई किती वळते, हे त्यांनी मोजलं. यावेळी हिशेब जुळला. करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो आणि रोध वाढला की कमी होतो. तार जितकी लांब किंवा बारीक, तितका रोध जास्त.

नोकरी गेली, मान उशिरा मिळाला

अर्ध्या पगाराची रजा घेऊन ते बर्लिनला गेले. १८२७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. विद्यापीठात जागा मिळेल, ही आशा होती. पण गणिताच्या अंगाने वीज समजावण्याची पद्धत अनेकांना रुचली नाही, टीका झाली. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला प्राध्यापकपद मिळेपर्यंत काही वर्षं ओढाताणीची गेली.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ले पदक दिलं. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचं अध्यासन मिळायला १८५२ उजाडलं. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांचं निधन झालं. रोधाच्या एककाला 'ओहम' हे नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत मान्य झालं.

आता बोटीचा हिशेब करू

अमेरिकेतल्या अनेक मरिनांत १२० व्होल्ट, ३० अँपिअरची जोडणी असते. समजा, खाऱ्या हवेने प्लगच्या पिना गंजल्या आणि वाटेत अर्धा ओहम रोध तयार झाला. एसी चालताना १५ अँपिअर घेत असेल, तर साडेसात व्होल्ट वाटेतच गेले. शिवाय त्या प्लगमध्ये सुमारे ११२ वॉट उष्णता तयार होते. प्लग काळा पडतो, वितळतो, आगही लागू शकते.

सुरू होताना कॉम्प्रेसर काही क्षण कित्येक पट करंट ओढतो. तो ५० अँपिअर धरला, तर २५ व्होल्ट वाटेत जातात आणि एसीला उरतात ९५. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे इथे साधारण ६३ टक्क्यांवर येतो. मोटर फिरत नाही, करंट ओढत राहते आणि ब्रेकर पडतो.

कुठून तपासायचं?

ओहम यांनी दुसऱ्यांदा केलं तसंच, उगमापासून सुरुवात करायची. एसी बंद असताना व्होल्टेज ठीक दिसणारच, म्हणून एसीचा लोड असतानाच मोजायचं.

• खांबावरच व्होल्टेज पडत असेल, तर दोष मरिनाच्या वायरिंगचा.
• खांबावर ठीक, पण एसीपाशी कमी असेल, तर दोष केबलचा, प्लगचा किंवा मधल्या जोडणीचा. जास्तीची लांब किंवा बारीक एक्स्टेन्शन लावली असेल तर आधी ती काढा.
• दोन्हीकडे ठीक असेल, तर एसीचा स्टार्ट कपॅसिटर आणि समुद्राच्या पाण्याची गाळणी तपासा. गाळणी तुंबली की एसी नीट थंड होत नाही आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

ही मोजणी चालू विजेवर, पाण्याशेजारी होते. त्यामुळे ती बोटींचं काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. प्लग गरम लागत असेल, तर वाट न पाहता खांबावरचा ब्रेकर बंद करा. ब्रेकर मोठा बसवून प्रश्न सुटत नाही, उलट आगीचा धोका वाढतो.