कार्नो कोण होता?

मागच्या सेमिस्टरला थर्मोच्या ओरलला सरांनी मला विचारलं, कार्नो कोण होता? कार्नो सायकलची आकृती मी झोपेतही काढली असती, पण या प्रश्नाला मी गप्प! लाज वाटली म्हणून लायब्ररी गाठली. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा चुका पोटात घाला.

सादी कार्नोचा जन्म पॅरिसमध्ये १७९६ साली झाला. वडील लाझार हे फ्रेंच राज्यक्रांतीतले मोठे पुढारी आणि गणिती. फारसी कवी सादीवरून त्यांनी मुलाचं नाव ठेवलं. सोळाव्या वर्षी तो एकोल पॉलिटेक्निकमध्ये गेला, पुढे लष्करात इंजिनिअर झाला. १८१५ मध्ये नेपोलियन हरला, वडिलांना देश सोडावा लागला आणि मुलाची नोकरीत कोंडी झाली. शेवटी अर्ध्या पगारावर रजा घेऊन तो पॅरिसमध्ये अभ्यासाला बसला.

तेव्हा वाफेच्या इंजिनात इंग्लंड पुढे होतं. बाकीचे लोक इंजिनात सुधारणा करत होते. कार्नोने वेगळाच प्रश्न विचारला: उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळेल? त्याला काही मर्यादा आहे का? उत्तर आलं, आहे! वाफ वापरा की हवा, ती मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते. १८२४ मध्ये, २८व्या वर्षी, त्याने हे पुस्तकात मांडलं. ६०० प्रती छापल्या, पण फारशी कुणी दखलच घेतली नाही.

गंमत म्हणजे तेव्हा तो उष्णतेला पाण्यासारखा वाहणारा पदार्थ समजत होता. ती समजूत चूक, पण मर्यादेचा निष्कर्ष बरोबर! नंतर त्याने स्वतःच ती समजूत सोडली. पण हे छापायच्या आधीच, २४ ऑगस्ट १८३२ रोजी, कॉलऱ्याने तो गेला. वय फक्त ३६. संसर्गाच्या भीतीने त्याचे बरेचसे कागद नष्ट केले गेले. वाचलेली टिपणं भावाने १८७८ मध्ये छापली, तोवर इतरांनी तेच शोधून काढलं होतं.

१८३४ मध्ये क्लापेरॉनने त्याचं काम आलेखात मांडलं. ते वाचून १८४५ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, पॅरिसच्या पुस्तकांच्या दुकानांत मूळ पुस्तक शोधत फिरले. मिळालं नाही! पण १८४८ मध्ये त्याच विचारावर त्यांनी निरपेक्ष तापमानाची कल्पना उभी केली.

तेव्हा थॉमसन वीस वर्षांचे होते, म्हणजे आज माझं आहे तेवढंच वय. ते दुकानं पालथी घालत होते, आणि मी ओरलपुरती सायकल पाठ करत होते. ओरलचे मार्क गेले ते गेले. पण आता ती आकृती काढताना त्या चार रेषांमागचा माणूस आठवतो.