कोरियाचे ली ब्युंग-चुल

इ. स. १९१० च्या फेब्रुवारी महिन्यात दक्षिण कोरियातील उइर्योंग येथे एका सधन जमीनदाराच्या घरी ली ब्युंग-चुल यांचा जन्म झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यास जोडून घेतला. ली विद्यार्जनासाठी टोकियोस गेले. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९३८ साली देगू शहरी त्यांनी सुकी मासळी व फळे यांच्या व्यापाराची एक लहानशी पेढी काढली. तिचे नाव सॅमसंग, म्हणजे तीन तारे.

१९४५ साली जपानी सत्ता गेली, पण देशाचे दोन तुकडे झाले आणि १९५० मध्ये युद्ध पेटले. लींची सोलमधील पेढी त्यात धुळीस मिळाली. त्या काळी दक्षिण कोरियात साखर सर्वस्वी परदेशातून येई. तीच आणून विकण्यात व्यापाऱ्यास सुखाचा नफा होता; तरीही लींनी १९५३ साली बुसान येथे साखरेचा कारखाना उभारला. यंत्रे जपानहून आली, परंतु जपानी तंत्रज्ञांस देशात येण्याची मनाई होती. म्हणून कोरियन कामगारांनीच ती जोडून चालू केली. कच्ची साखर मात्र बाहेरूनच आणावी लागे. पुढे खताच्या कारखान्याने त्यांच्या नावास बट्टा लावला. १९६६ साली सॅकरिनच्या चोरट्या आयातीचे प्रकरण उघडकीस आले आणि तो कारखाना त्यांना सरकारच्या स्वाधीन करावा लागला.

१९८२ साली लींनी अमेरिकेतील संगणक व चिप यांचे कारखाने पाहिले. चिप म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. परंतु त्यावर कोरलेल्या सूक्ष्म परिपथांवाचून संगणक चालत नाही. स्मृती-चिप बनवण्याची विद्या तेव्हा मुख्यतः अमेरिका व जपान यांच्याच हाती होती. ती ज्यांच्यापाशी नाही, त्यांनी इतरांकडून घ्यावे आणि ते मागतील ते मोल द्यावे, अशी स्थिती होती. १९८३ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ७३ व्या वर्षी, लींनी टोकियोहून आपला निर्णय कळवला: सॅमसंगने स्मृती-चिप बनवायच्या.

हा निर्णय अनेकांस अविचाराचा वाटला. आराखडा अमेरिकेतील मायक्रॉन कंपनीकडून विकत घेतला. गीहुंग येथे, एरवी दीड वर्ष लागावे असा कारखाना रात्रंदिवस खपून सुमारे सहा महिन्यांत उभा राहिला. डिसेंबर १९८३ मध्येच ६५,००० हून अधिक नोंदी साठवणारी चिप तयार झाली. परंतु माल बाजारात येतो न येतो तोच भाव उत्पादनखर्चाच्याही खाली कोसळले. तोटा वाढत गेला. अशा वेळी शहाणा व्यापारी हात आवरता घेतो. लींनी मात्र आणखी एक कारखाना बांधण्याचा हुकूम दिला. तेव्हा कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. १९ नोव्हेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. नफ्याचे वर्ष उजाडले ते १९८८. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९९२ साली सॅमसंग ह्या प्रकारच्या चिप बनवण्यात जगात पहिली ठरली. पुढे जुलै २०१९ मध्ये, युद्धकाळातील सक्तीच्या मजुरीवरून वाद चालू असता, जपानने चिपनिर्मितीस लागणाऱ्या रसायनांसह तीन पदार्थांच्या कोरियास होणाऱ्या निर्यातीवर निर्बंध घातले. जगास चिप पुरवणारे हे कारखाने त्या पदार्थांसाठी अद्याप जपानकडेच पाहत होते. त्यांपैकी हायड्रोजन फ्लुओराइड देशातच बनवण्यास कोरियाने वेग दिला. २०२३ मध्ये जपानने ते निर्बंध उठवले.